पस्तीस मिनिटांचा वाढदिवस: डीजे स्क्रूची ‘जून ट्वेंटी-सेव्हन्थ’

दोन सीडींचा हा संच हातात घेतल्यावर आधी एक गोष्ट मान्य करावी लागते, ती म्हणजे बाजारात विकायचा म्हणून तो कोणी तयार केलेलाच नव्हता. २७ जून १९९६ रोजी अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराच्या दक्षिण भागात डी-मो नावाच्या एका तरुणाचा वाढदिवस होता. रॅपची गाणी मंद आणि तोडून टेपवर देणारा तिथला डीजे स्क्रू, त्याच्याकडे त्याचे मित्र जमले, स्क्रूने टर्नटेबलांवर रेकॉर्ड लावल्या, मायक्रोफोन हातोहात फिरू लागला आणि ज्याला जे सुचेल ते त्याने तालात म्हटले. त्या बैठकीची टेप आज ‘डायरी ऑफ द ओरिजिनेटर’ या मालिकेतला बारावा भाग म्हणून ‘जून ट्वेंटी-सेव्हन्थ’ या नावाने मिळते. तिच्यात सुमारे पस्तीस मिनिटांचा जो एक सलग तुकडा आहे, त्यासाठीच लोक ती विकत घेतात. मीही त्यासाठीच घेतली.

घेतली असे म्हटले तरी ती सरळ हाती आली नाही. पहिल्यांदा मी ती इंटरनेटवरच्या एका विक्रेत्याकडून मागवली. पाकिटातून मुखपृष्ठाचे रंगीत झेरॉक्स निघाले आणि कोऱ्या डिस्कवर मार्करने लिहिलेले नाव. तेही चालवून घेतले असते, परंतु नक्कल करणाऱ्याने त्या सलग तुकड्याचे सात भाग पाडले होते आणि प्रत्येक भागानंतर दोन सेकंदांची शांतता येत होती. ज्या ध्वनिमुद्रणाचे सारे सार कुठेही न तुटण्यात आहे त्याचे असे सात तुकडे करणे म्हणजे रंगलेल्या पंगतीतून दर पाच मिनिटांनी पाहुण्यांना पाटावरून उठवण्यासारखे आहे. दुसरी प्रत मी ‘स्क्रूड अप रेकॉर्ड्स अँड टेप्स’ या दुकानातून घेतली. हे दुकान स्क्रूने स्वतः १९९८ मध्ये कलन बुलेव्हार्डवर सुरू केले होते. त्याच्या पश्चात दुकानाची जागा बदलली, पण लोक तिथे ज्या कारणासाठी जातात ते कारण बदललेले नाही. पुढचे सारे लिखाण या दुसऱ्या प्रतीविषयी आहे.

ऐकायला लागल्यावर प्रथम जाणवते ती संथता. वॉकमनचे सेल उतरत आले की गाणे कसे रडू लागते हे माझ्या पिढीने पुरेसे ऐकले आहे, त्यामुळे नवखा श्रोता पहिल्या मिनिटात आपल्या यंत्राकडे संशयाने पाहतो; मीही पाहिले. पण सेल उतरताना लय ढासळत जाते आणि सूर डगमगतो, तसे इथे काहीच होत नाही. ठेका जिथे ठेवला आहे तिथेच घट्ट बसलेला असतो, फक्त दोन ठोक्यांमधले अंतर वाढलेले असते. ख्याल ऐकणाऱ्या माणसाला याचे फार नवल वाटू नये. विलंबित एकतालात दोन मात्रांच्या मध्ये जी ऐसपैस जागा सापडते, आणि त्या जागेत गायक काय करतो यावरून आपण त्याला जोखतो, तशीच जागा स्क्रू रॅपमध्ये शोधत होता. फरक इतकाच, की आपला गायक मुळातच ठाय लयीत गातो आणि स्क्रू मध्य लयीत झालेले काम मागाहून ठाय करून ऐकवतो.

यातला हिशेब समजून घेण्यासारखा आहे. टेपचा वेग एक पंचमांशाने उतरवला, तर मिनिटाला ९० ठोक्यांची लय ७२ वर येते आणि त्याबरोबर सूरही जवळजवळ चार पट्ट्या खाली जातो, म्हणजे काळी पाचमधला आवाज काळी तीनमध्ये येऊन बसतो. हे आकडे मी केवळ हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत, पण त्यातून एक गंमत लक्षात येते. स्क्रू आधी रेकॉर्ड आणि मित्रांचे आवाज असे सगळे मिळून नेहमीच्या वेगाने टेपवर घेत असे आणि मग ती सबंध टेप पिच-कंट्रोलने, म्हणजे टेपचा वेग बदलण्याच्या बटणाने, उतरवत असे. म्हणजे या संचातले पस्तीस मिनिटांचे ते कवन प्रत्यक्षात पस्तीस मिनिटे चाललेच नसणार. वरच्या हिशेबाने ते अठ्ठावीसेक मिनिटांत आटोपले असेल. त्या खोलीतल्या कोणीही त्या दिवशी जे ऐकले नाही, ते आपण ऐकतो आहोत. विशीतल्या पोरांचे आवाज इथे पन्नाशीतल्या माणसांसारखे खर्जात उतरले आहेत, आणि त्यांच्यापैकी किती जणांना पन्नाशी दिसली हे ठाऊक असलेल्याला ते ऐकताना अवघडल्यासारखे होते.

नुसती संथता मात्र स्क्रूची खूण नाही. जुन्या रेकॉर्ड कमी वेगाने वाजवण्याचा प्रकार ह्यूस्टनमध्ये त्याच्याही आधी डॅरिल स्कॉट या डीजेने केलेला होता, आणि आज तर फोनवरचे कोणतेही ॲप बोट फिरवताच गाणे मंद करून देते. स्क्रूची खरी करामत आहे ती ‘चॉप’मध्ये. तो एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड दोन टर्नटेबलांवर ठेवायचा आणि दुसरी पहिलीच्या एखाद्या ठोक्याने मागे सोडायचा. मग मधल्या क्रॉसफेडरवर, म्हणजे एका रेकॉर्डवरून दुसरीवर आवाज नेणाऱ्या दांडीवर, बोट मारले, की नुकताच उच्चारलेला शब्द दुसऱ्या रेकॉर्डवरून पुन्हा ऐकू येतो, आणि बोट मागे घेतले की गाणे जिथे असायला हवे तिथे पोचलेले असते. कधी तो शब्द दोनदा येतो, कधी शब्दाचा शेवटचाच तुकडा टाळीसारखा वाजतो, कधी सारे क्षणभर थांबते आणि खालचा बेस तेवढा चालत राहतो. तिहाईसारखा मोजून बांधलेला हिशेब यात नसतो, पण समेवर येऊन पडण्याची ओढ तीच असते. विशेष म्हणजे हे सगळे हाताने, त्या त्या क्षणी केलेले आहे. एखादा चॉप जरा उशिरा पडतो, आणि पुढचा पडताना त्याने ती चूक भरून काढलेली कळते. ‘स्लोड अँड रिव्हर्ब’, म्हणजे मंद करून घुमवलेले गाणे, म्हणून जे आज खपते त्यात गाणे गुळगुळीत होऊन वाहत जाते. स्क्रू मात्र वाहत्या गाण्याला दर थोड्या वेळाने कोपर मारून जागे ठेवतो.

हा स्क्रू म्हणजे रॉबर्ट अर्ल डेव्हिस ज्युनिअर. त्याचा जन्म २० जुलै १९७१ चा आणि त्याचे बालपण गेले टेक्सासमधल्या स्मिथव्हिल या लहानशा गावात. वडील ट्रक चालवत आणि घरात आईच्या रेकॉर्ड होत्या. त्याच्या नावाची हकिगत अशी सांगतात, की जी रेकॉर्ड त्याला आवडत नसे तिच्यावर तो हातातल्या स्क्रूने ओरखडे काढून ती बाद करून टाकायचा. ते पाहून जवळच्यांपैकी एकाने, स्वतःला कोण समजतोस, डीजे स्क्रू की काय, अशी थट्टा केली आणि ते नाव चिकटले ते कायमचेच. मला ही हकिगत नुसती मजेची वाटत नाही. रेकॉर्ड ही देव्हाऱ्यात ठेवायची वस्तू नसून हात लावून बदलायची वस्तू आहे, हे त्या पोराला लवकर कळले होते, एवढे तरी तिच्यातून दिसते. पुढे तो वडिलांकडे ह्यूस्टनला आला, शाळा अर्धवट सुटली आणि टर्नटेबल तेवढे राहिले. १९९० च्या आसपास त्याने टेप मंद करायला सुरुवात केली. त्याचे कारण तो साधे सांगत असे: लय उतरली की माणूस निवांत होतो आणि रॅपर काय म्हणतो आहे ते ऐकू येते.

त्याचा धंदाही त्याच्या लयीसारखाच होता. सुरुवातीला ओळखीची माणसे गाण्यांची यादी घेऊन यायची आणि स्क्रू त्या यादीप्रमाणे टेप करून द्यायचा. मधूनमधून माइकवर त्या माणसाचे, त्याच्या मित्रांचे आणि त्यांच्या गल्लीचे नाव घेतले जायचे. कापड देऊन शिंप्याकडून कपडा शिवून घ्यावा तशी ही मापाने बेतलेली टेप असे. मग ज्याची टेप होती त्याच्या मित्रांना तिची प्रत हवी झाली, त्यांच्या मित्रांनाही हवी झाली, आणि हळूहळू टेपवर नुसत्या नावांऐवजी सबंध फ्रीस्टाइल, म्हणजे ऐनवेळी सुचेल तसे म्हटलेले रॅप, येऊ लागले. मॅक्सेलच्या राखाडी कॅसेटवर ही टेप दिली जाई. तिच्यावरून या साऱ्या संग्रहाला आजही ‘ग्रे टेप्स’ म्हणतात. एका टेपचे दहा डॉलर पडत. विक्री घरूनच होई, तीही संध्याकाळनंतर, आणि फाटकापुढे मोटारींची रांग लागे. कृष्णवर्णीय वस्तीतल्या एका घरापुढे रोज रात्री मोटारी थांबतात, माणसे आत जाऊन काहीतरी छोटे घेऊन दोन मिनिटांत बाहेर येतात, हे पाहून पोलिसांना काय वाटले असेल ते सांगायला नको. घरात सापडण्यासारख्या होत्या त्या कॅसेट.

एवढे गिऱ्हाईक असताना त्याने राष्ट्रीय पातळीवर उडी का घेतली नाही, हा प्रश्न त्याच्याविषयी लिहिणारे हमखास विचारतात. मला त्याचे उत्तर त्याच्या कामाच्या स्वरूपातच दिसते. त्याची टेप दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर उभी होती आणि त्यांतल्या प्रत्येक गाण्याची परवानगी मिळवून ती देशभर विकणे कोणत्याही कंपनीला परवडणारे नव्हते. बिगटाइम रेकॉर्ड्झ या स्थानिक कंपनीने त्याचे ‘थ्री इन द मॉर्निंग’सारखे काही अधिकृत अल्बम काढले आणि ते दक्षिणेत चांगले चालले, तरी त्याचे मन आणि त्याचे बहुतेक काम या शेकडो घरगुती टेपांमध्येच राहिले. शिवाय ज्या वस्तूचे मोल तिच्यावर घेतलेल्या नावांमुळे ठरते, ती ते नाव न ओळखणाऱ्याला कशी विकणार? न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस या दोन शहरांनी हिप हॉप आपसांत वाटून घेतल्यासारखे वाटत होते, त्या काळात ह्यूस्टनच्या दक्षिण भागाने आपल्यापुरता एक बाजार चालवला. त्यासाठी त्याला त्या दोघांची परवानगी लागली नाही.

आता मुख्य तुकड्याकडे येतो. त्याखालचा ठेका क्रिस क्रॉस या अटलांटाच्या जोडीच्या ‘द स्ट्रीट्स एन्ट राइट’ या गाण्याचा आहे. उलटे कपडे घालून उड्या मारणारी दोन मुले म्हणून ज्यांना जगाने लक्षात ठेवले, त्यांच्या गाण्याने इथे असे काही गांभीर्य धारण केले आहे की मूळ गाणे नंतर ऐकल्यावर मला तेच घाईत उरकल्यासारखे वाटले. ठेका एकच, तोही पस्तीस मिनिटे. त्यात चढउतार जवळजवळ नाहीत. म्हणून सारा भार येतो तो माणसांवर. बिग मो, बिग पोकी, यंगस्टार, की-सी, हेअरकट जो आणि स्वतः वाढदिवसाचा धनी डी-मो एकामागून एक माइक घेतात. हे सगळे ‘स्क्रूड अप क्लिक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मित्रमंडळातले.

यांत मला सर्वांत भावतो तो बिग मो. तो धड रॅप करत नाही आणि धड गातही नाही. शब्द म्हणता म्हणता शेवटचे अक्षर तो उचलतो आणि सुरात सोडून देतो. चर्चमधल्या गाण्याचा हा संस्कार मंद टेपवर आणखी दाट होतो. त्याचा एक एक स्वर ओल्या मातीत पाय रुतावा तसा रुततो आणि सावकाश निघतो. बिग पोकीचे उलट आहे. त्याचा आवाज मूळचाच जड, टेपने तो आणखी खाली नेला आहे, आणि तो ओळीच्या शेवटी श्वास न घेता मध्येच घेतो, त्यामुळे ओळ जिथे संपेल असे वाटते तिथे ती संपत नाही. यंगस्टार या सगळ्यांत चपळ. मंद केलेल्या टेपवरही त्याचे शब्द एकमेकांना खेटून येतात, तेव्हा मूळ खोलीत तो किती वेगाने बोलला असेल याचा अंदाज बांधत मी तो भाग दोनतीनदा मागे नेऊन ऐकला. पुढे लिल ट्रॉयच्या ‘वॉना बी अ बॉलर’ या देशभर गाजलेल्या गाण्यात तो ऐकू आला, पण ती तयारी इथली आहे.

ते बोलतात काय? खरे तर फारसे काही नाही. मोटारी, चाके, रंग, मित्रांची नावे, गल्ल्यांची नावे, कोण तुरुंगात आहे, कोण गेला, आज डी-मोचा वाढदिवस आहे. कलगी-तुऱ्याच्या फडात शाहीर समोरच्याला कोडे घालतो आणि त्याने ते सोडवले नाही तर मान खाली घालायला लावतो. तशी चुरस इथे नाही. इथे एक जण जिथे थांबतो तिथून दुसरा उचलतो, आधीच्याचा एखादा शब्द यमकासाठी वापरतो, अडखळला तर बाकीचे मागून हुंकार देऊन त्याला वेळ मिळवून देतात. एके ठिकाणी बोलणारा स्पष्टच चुकतो, आणि तो हसतो तेही टेपवर मंद झालेले हसू म्हणून राहिले आहे. ते हसू या संचातले माझे सर्वांत आवडते दोन सेकंद आहेत. स्टुडिओत केलेल्या कोणत्याही अल्बमने ते कापले असते.

नोकरीनिमित्त मी ह्यूस्टनमध्ये नऊ वर्षे आहे, तरी यांतली निम्मी नावे मला कळली नसती. माझा एक सहकारी साउथ पार्क भागात वाढलेला आहे. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघे त्याच्या गाडीत बसून हा तुकडा ऐकला तेव्हा तो कवितेवर एक शब्द बोलला नाही. नाव आले की फक्त तो रस्ता कुठे आहे ते बोटाने हवेत दाखवत होता. बिग पोकी यलोस्टोनचा, बॉटनी बॉइज क्लोव्हरलँडचे, अमका हायरम क्लार्कचा. ऐकता ऐकता दक्षिण ह्यूस्टनचा नकाशा तयार होत गेला. याच मंडळात थर्ड वॉर्डचा एक उंचापुरा तरुण ‘बिग फ्लॉइड’ या नावाने स्क्रूच्या काही टेपांवर बोललेला आहे. मे २०२० मध्ये मिनिॲपोलिसच्या पोलिसाने ज्याच्या मानेवर गुडघा दाबून धरला तो जॉर्ज फ्लॉइड हाच. या संचात तो नाही, पण स्क्रूच्या टेपा घेऊ लागलात तर तो आवाज केव्हातरी भेटतो आणि मग ती टेप पहिल्यासारखी ऐकता येत नाही.

ऐकायचे कशावर, हा प्रश्न अशा वस्तूच्या बाबतीत दुय्यम नाही. घरच्या लहान स्पीकरवर मी हा संच आधी लावला आणि निराश झालो, कारण खालचा बेस तिथे पोचतच नव्हता आणि उरली ती नुसती बडबड. हेडफोनवर चॉपची कारागिरी स्वच्छ कळते, पण अर्ध्या तासाने डोके जड होते. ही वस्तू मोटारीसाठी केलेली आहे. ह्यूस्टन सपाट, पसरलेले आणि चालणाऱ्याचा विचार न करता बांधलेले शहर आहे. उन्हाळ्यात उकाडा असा की माणूस गाडीतून उतरायला राजी नसतो. इथल्या दक्षिण भागात ‘स्लॅब’ नावाच्या गाड्यांची हौस आहे. जुनी कॅडिलॅक किंवा तसली लांबलचक गाडी घ्यायची, तिला साखरेच्या पाकासारखा चमकणारा रंग द्यायचा, १९८३-८४ च्या कॅडिलॅकवर येत तशी बाहेर डोकावणारी तारांची चाके बसवायची आणि रस्त्याच्या मधोमध, पायी चालणाऱ्याला नीट दिसेल इतक्या सावकाश ती हाकायची. तिच्यात वेगवान गाणे शोभणार नाही. माझी गाडी चारचौघांसारखी आहे, पण रविवारी संध्याकाळी मार्टिन ल्यूथर किंग बुलेव्हार्डवरून ताशी पंचवीस मैलांनी जाताना हा संच लावला, तेव्हा सिग्नलची दिवाबत्तीसुद्धा तालात बदलते आहे असा भास झाला.

आता एका अवघड गोष्टीविषयी. या टेपांत कोडिन हे गुंगी आणणारे द्रव्य असलेल्या खोकल्याच्या औषधाचे गुणगान वारंवार येते. ते सोड्यात मिसळून पिण्याची चाल त्या काळी या वस्तीत होती आणि बिग मोने तर पुढे २००० मध्ये आपल्या अल्बमलाच ‘सिटी ऑफ सिरप’ असे नाव दिले. त्यावरून हे संगीत म्हणजे त्या नशेचा आवाज, असे एक सोपे समीकरण बाहेरच्या लेखकांनी मांडले. मला ते पटत नाही, कारण चॉपची जी अचूक हातचलाखी वर सांगितली ती झिंगलेल्या हाताची नव्हे, आणि संगीत ऐकायला नशा लागते असे स्क्रूही मानत नव्हता. पण समीकरण खोटे म्हणून वस्तुस्थिती पुसली जात नाही. १६ नोव्हेंबर २००० रोजी स्क्रू आपल्या स्टुडिओत मृतावस्थेत सापडला. वय २९. शरीरात कोडिन आणि इतर अमली पदार्थ आढळले. फॅट पॅट हा मंडळातला बिनीचा रॅपर १९९८ मध्येच गोळीबारात गेला होता, त्याचा भाऊ बिग हॉक २००६ मध्ये तसाच गेला, बिग मो २००७ मध्ये हृदयविकाराने, आणि बिग पोकी जून २०२३ मध्ये बोमाँट इथे कार्यक्रम करता करता मंचावर कोसळला. औषधाची स्तुती करणाऱ्या ओळी आल्या की मी आवाज कमी करत नाही, पण त्या ओळींत गंमत आहे असेही मला आता वाटत नाही. घरात लहान मुले असतील त्यांनी हा संच गाडीतच ठेवावा. शिव्या आणि बायकांविषयीचे हलके बोलणे यांतही काही कसर नाही.

वस्तू म्हणून दोष पुष्कळ आहेत. कॅसेटवरून घेतलेले असल्यामुळे टेपची खरखर सतत ऐकू येते, आणि वरचे सूर बोथट आहेत. माइक एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हाती जाताना आवाज एकदम खाली-वर होतो, त्यामुळे गाडी चालवताना हात सारखा बटणाकडे जातो. पाकिटावर माहिती इतकी तुटपुंजी आहे की कोण केव्हा बोलतो हे नवख्याला कळण्याचा मार्ग नाही; एक साधे पान छापून मिनिटांनुसार नावे दिली असती तरी काम झाले असते. इंग्रजी चांगले असलेल्यालाही ही दक्षिणी बोली, त्यातून मंद केलेली, पहिल्या खेपेला अर्धीच समजेल. एक तक्रार माध्यमाचीच आहे. कॅसेटची बाजू संपली की ती काढून उलटावी लागे आणि तेवढा एक विसावा मिळे. सीडीवर तो नाही, आणि दोन्ही डिस्का एका दमात ऐकण्याच्या भानगडीत पडू नये असे माझे मत आहे. फ्रीस्टाइलखेरीज बाकीच्या भागात इतरांची गाणी स्क्रूच्या हाताखालून गेलेली आहेत. ती चांगली आहेत, पण त्या दिवसाचा जिवंतपणा त्यांना कुठून येणार?

ज्याने हे संगीत कधीच ऐकलेले नाही त्याने इथून सुरुवात करावी का? माझे उत्तर नाही असे आहे. त्याने आधी ‘थ्री इन द मॉर्निंग’ घ्यावा, ज्यात गाणी आटोपशीर आहेत आणि आवाज स्वच्छ आहे. लिल कीकी या रॅपरचे ‘पिंप द पेन’ तिथे ऐकावे आणि कान या लयीला बसू द्यावा. किंवा ‘मूनलाइट’ हा २०१६ चा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांनी त्याचे पार्श्वसंगीत आठवावे. निकोलस ब्रिटेलने त्यात व्हायोलिनांच्या सुरावटी याच रीतीने मंद करून आणि तोडून वापरल्या आहेत, त्यामुळे त्यांचा कान थोडा तयार झालेला असतो. ड्रेक आणि ट्रॅव्हिस स्कॉट या रॅपरांनी अनुक्रमे २००९ आणि २०१८ मध्ये स्क्रूला गाण्यांतून मानवंदना दिली. त्यांतला ट्रॅव्हिस तर ह्यूस्टनचाच. उत्तर ह्यूस्टनमध्ये मायकेल ‘फाइव्ह थाउजंड’ वॉट्सच्या स्विशाहाउस या कंपनीने तर स्क्रूच्या हयातीतच त्याची रीत उचलून स्वतःचे दालन उभे केले, आणि २००५ च्या सुमारास ह्यूस्टनचे रॅप देशभर वाजले ते बहुतांशी त्या उत्तरेकडच्या मंडळींमुळे. दक्षिणेकडची माणसे अजून ते जरा नाक मुरडूनच सांगतात.

ज्याने आधी थोडे ऐकले आहे, ज्याला बैठकीतल्या गाण्याची आवड आहे, आणि रेकॉर्डिंगमधली खोकल्याची उबळ किंवा खुर्ची सरकल्याचा आवाज ज्याला खटकत नाही, त्याने मात्र हा संच जरूर घ्यावा, आणि शक्य असेल तर त्या दुकानातूनच घ्यावा. ह्यूस्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात स्क्रूच्या स्वतःच्या रेकॉर्ड जतन केल्या आहेत, दीड हजारांहून अधिक. त्यांतल्या अनेकांच्या दोन-दोन प्रती आहेत, कारण चॉपला दोन लागतातच. माझ्या सहकाऱ्याचा वाढदिवस ऑक्टोबरात असतो. त्याने जन्मतारखेची टेप कधी करून घेतली नाही याची त्याला अजून खंत आहे. शेजारच्या मुलाने घेतली होती, असे तो म्हणतो, पण त्या मुलाच्या आईने पुढे कधीतरी त्या कॅसेटवर प्रवचन भरून घेतले.